कोमट घागर

धनराज हेडाऊंनी विहिरीतून पहिली बादली शेंदली, तिच्यात मनगटापर्यंत हात बुडवला आणि सगळं पाणी निंबाच्या बुंध्यात ओतून दिलं. दुसरी शेंदली, तीही ओतली. तिसऱ्या बादलीचीही तीच गत झाली तेव्हा त्यांच्या मुलीला, प्रणिताला, राहवलं नाही. आखाजीचा दिवस, आठ वाजून गेलेले, घरी पुरण वाटून तयार, आणि हा माणूस हट्टाला पेटून विहीर उपसत बसलेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने नवी घागर भरायची, तिच्यात वाळ्याची काडी सोडायची, वर आंबा ठेवायचा, ही रीत घरोघरची आहे. नागपूरच्या साळीपुऱ्यातल्या विणकरांनी तिच्यात स्वतःची एक अट घातली होती. घागर नळाच्या पाण्याने भरायची नाही. वस्तीच्या मधोमध झिऱ्याची विहीर आहे, तिचंच पाणी हवं, आणि ते गार हवं. गेलेला माणूस उन्हातून चालत येतो म्हणतात, त्याला पहिला घोट तरी थंड मिळाला पाहिजे.

“हे पानी मी माह्या बापाले देऊ?” धनराज म्हणाले. “जितेपनी त्यानं कोनाच्या हातचं कोमट पानी पेलं नाही.”

प्रणिताने फोन काढला. पलीकडे चारशे मीटरवर जी उंच, पांढरी तुषारनगरी उभी होती, तिच्या गारव्याची ती मुख्य अभियंता. या विहिरीच्या तळाशी बारा वर्षांपूर्वी तिनेच तापमान मोजणारी पितळी डबी सोडली होती आणि त्या डबीचा आकडा दर मिनिटाला तिच्या फोनवर यायचा. आता या घटकेला पाणी सव्वीस अंशांवर आहे, असं तिने फोन पुढे धरून सांगितलं.

धनराजांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. “मंग तुह्या फोनातलं पानी भर घागरीत.”

तिने चिडून बादलीत हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. थंड नाही, गरम नाही. पाण्यात हात आहे की नाही हे डोळ्यांनीच बघून ठरवावं, असं ते पाणी होतं. क्षणभर ती गोंधळली, पण शिकलेल्या माणसाला स्वतःचा हात खोटा पाडायला फार वेळ लागत नाही. तिने वडिलांना समजावलं, की हात तापमान मोजतच नाही. उष्णता आपल्याकडून वस्तूकडे वाहते की वस्तूकडून आपल्याकडे, एवढंच हाताला कळतं. मी गार गाडीतून आले, तुम्ही तापलेल्या ओट्यावरून आलात, मग हातांवर काय विश्वास ठेवायचा? आकडा खोटं बोलत नाही.

पलीकडच्या घरातल्या कौसल्याकाकू सोरते रोजच्यासारखी कळशी घेऊन मारुतीच्या पारावरचा रांजण भरायला निघाल्या होत्या. सणाच्या दिवशी बाप-लेकीनं भांडू नये, एवढं म्हणून त्या पुढे गेल्या. धनराजांनी घरी येऊन नवी घागर देवाजवळ पालथी घातली आणि जेवायला बसले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत प्रणिताने पुरणपोळी चिंचवणीत बुडवली. तीन उन्हाळे हा माणूस पाणी कोमट, पाणी कोमट म्हणून कटकट करत होता, आणि तीन उन्हाळे ती त्याला तोच आकडा दाखवत होती.

तुषारनगरीची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचा संताप कळायचा नाही.

उष्णता मारता येत नाही, फक्त हाकलता येते. खोली गार करणारं यंत्र थंडी तयार करत नाही, ते नुसतं हमालाचं काम करतं. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. बरं, हमाल फुकट राबत नाही. तो जी वीज खातो, तिचीही शेवटी उष्णताच होते आणि तीही बाहेरच पडते. म्हणजे आतून जेवढं उचललं, त्याहून जास्त बाहेर. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याची खोली गार, आणि ज्याच्याकडे नाही त्याची गल्ली आणखी तापलेली. नागपूरचा पारा एकोणपन्नासला टेकला त्या उन्हाळ्यात भिंतीभिंतीवरची ही यंत्रं एकमेकांच्या तोंडावर गरम फुंकर मारत होती आणि गल्ल्यांत पाखरं मरून पडत होती.

त्यावर ‘भूशीत’ नावाच्या कंपनीने तोडगा काढला: हवेत टाकू नका, जमिनीत पुरा. तुषारनगरीखाली सहाशे चाळीस बोअर मारले, एकेक सव्वाशे मीटर खोल. चाळीस हजार माणसांच्या घरांतली उष्णता पाण्यावर लादायची, ते पाणी बोअरमधून फिरवायचं, खडकाने ती उष्णता पिऊन घ्यायची, आणि गार झालेलं पाणी परत वर. बाहेर एकही यंत्र नाही, गरम वारा नाही. घरात वर्षभर चोवीस अंश. देशभरातून लोक बघायला येत.

खडकात पुरलेली उष्णता शेजारी जाणार नाही का, हा प्रश्न अर्थातच निघाला होता, आणि त्याचं उत्तर तेव्हा सव्वीस वर्षांच्या प्रणिता हेडाऊने दिलं होतं. खडकातून उष्णता नुसती झिरपते, कणाकडून कणाकडे. अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, तिप्पट झालं तर नऊपट. पहिले पाच मीटर ती एका वर्षात जाते, पण चारशे मीटरवरच्या साळीपुऱ्यापर्यंत पोहोचायला तिला सहा हजार वर्षं लागतील. या एका गणितावर योजनेला परवानगी मिळाली.

तरीही आपल्या वस्तीच्या काळजीने तिने परवान्यात एक कलम घालायला लावलं होतं. झिऱ्याच्या विहिरीचं पाणी सलग दहा मिनिटं बत्तीस अंशांच्या वर राहिलं, तर तुषारनगरीचे पंप आपोआप बंद पडतील. आणि जिल्ह्याच्या भूजल अधिकाऱ्याने स्वतः येऊन विहीर मोजल्याशिवाय ते पुन्हा सुरू होणार नाहीत. तिचे वरिष्ठ डॉ. नगरकर तेव्हा हसले होते. लिही, लिही, म्हणाले, सहा हजार वर्षांनी उपयोगी पडेल.

आता योजनेचा दुसरा टप्पा येऊ घातला होता, आणखी नऊशे बोअरचा. आखाजीनंतर अठरा दिवसांनी तुषारनगरीच्या सभागृहात जनसुनावणी होती आणि साळीपुऱ्याला काही धोका नाही या अहवालावर सही प्रणिताची हवी होती. तू तिथली लेक आहेस, लोक तुझं ऐकतील, असं नगरकर म्हणाले होते. तिला त्याचा अभिमान वाटला होता, हे सांगायला तिला आज लाज वाटते, पण वाटला होता.

आखाजीनंतर सहाव्या दिवशी दुपारी चारनंतर धनराजांचा फोन आला. रामाजी गेला.

रामाजी पराते धनराजांचे मागावरचे सोबती. एकाच लांबट खोलीत दोघांचे खड्डामाग शेजारी शेजारी, चाळीस वर्षं. या मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि त्याचे पाय खालच्या खड्ड्यात असतात. खड्डा ओलसर आणि गार असतो, म्हणून सूत तुटत नाही, आणि वैशाखात माणूसही. बारा ते चार माग बंद ठेवायचा, खड्ड्यात उघड्या भुईवर पाठ टेकायची आणि ऊन उतरेपर्यंत पडून राहायचं, ही साळीपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांची बापजाद्यांपासूनची सवय. पंखा, कूलर हे नंतरचे. रामाजी बाराला आडवे झाले ते चारला उठले नाहीत.

डॉक्टर ‘लू लागली’ म्हणून लिहून गेले होते. प्रणिता तासभर बायकांत बसून राहिली आणि मग तिच्या डोक्यात आलं, की लू बाहेर उन्हात फिरणाऱ्याला लागते. रामाजीकाका तर सकाळपासून उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. धनराज तिला मागाच्या खोलीत घेऊन गेले आणि रामाजींच्या खड्ड्याकडे बोट केलं.

“हात लाव.”

तिने तळवा भुईवर टेकला. काहीच लागलं नाही. थंड नाही, गरम नाही. आज ती गार गाडीतून आलेली नव्हती, तासभर याच घरात घाम पुसत बसलेली होती, त्यामुळे सबबही उरली नव्हती. तिने पिशवीतला तापमापक काढून भुईत खोचला. छत्तीस.

आखाजीला हाताने तिला खरंच सांगितलं होतं. काही वाहत नाही, म्हणजे दोन्हीकडे सारखंच तापलेलं आहे, एवढा साधा त्याचा अर्थ. आठवीच्या पोराला कळेल. तिला कळला नव्हता, कारण फोनमधला आकडा वेगळं सांगत होता.

माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा असतो. झोपला तरी तो जळत राहतो आणि ती उष्णता सतत कुठेतरी ओतावीच लागते. त्वचा असते चौतीस-पस्तीस अंशांवर. भुई अठ्ठावीसची असली तर ती पाठीतून उष्णता ओढून घेते आणि म्हातारा जीव तगतो. भुई छत्तीसची झाली की ती काही घेत नाही, उलट थोडं देते. मग घाम तेवढा उरतो, पण ओलसर खड्ड्यात घाम वाळत नाही आणि सत्तरीत तो फुटतोही कमी. रामाजी ज्या भुईवर भरवशाने आडवे झाले, तिनेच त्यांना शिजवलं. दुसरा शब्द नाही.

प्रणिता तशीच विहिरीवर गेली, तापमापक दोरीला बांधून आत सोडला आणि वर ओढला. छत्तीस पूर्णांक चार. दुसऱ्या हातात फोन होता. फोन म्हणत होता, सव्वीस.

निंबाच्या बुंध्याला तिनेच ठोकलेली पेटी होती. पेटीतून निघालेली तार बारा घरांच्या मोटारींच्या वायरींत गुंतून दिसेनाशी झाली होती. ती एकेक वायर सोडवत बसली. कौसल्याकाकू कळशी घेऊन आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग विचारलं, की काय शोधून राहिली.

तिने पितळी डबीचं वर्णन केलं.

“ते व्हय?” काकू म्हणाल्या. “ते तर रांजनात हाये.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा वर्षांपूर्वी वस्तीने विहिरीतला गाळ उपसला, तेव्हा फावड्याने डबी फुटेल म्हणून पोरांनी ती वर काढली. तार लांब होती. दहा पावलांवर पारावर मारुतीचा रांजण होता, निंबाच्या सावलीत, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलेला. डबी त्यात ठेवली. गाळ काढून झाला, पहिली दोरी कुजलेली होती, नवी आणू म्हणता म्हणता राहून गेलं.

“तूच सांगतलं होतं नं बाई, याले पान्यातच ठेवजा, कोरडं पडू देऊ नोका म्हून,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “सहा वर्सं झाले. दोन टाइम भरतो मी. एक दिवस खाडा नाही.”

प्रणिता पाराच्या पायरीवर बसली. मातीच्या रांजणातून पाणी पाझरतं, गोणपाटावर वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. सहा वर्षं तिचं यंत्र विहीर मोजत नव्हतं. ते मारुतीच्या रांजणाचा थंडावा मोजत होतं, आणि तो टिकवायला ही बाई सहा वर्षं उन्हातान्हात कळशा वाहत होती. काकूंवर रागवायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. तसं सांगितलं होतंच तिने.

मग काकू सहज पुढे बोलल्या, की तिच्या साहेबांच्या माणसालाही हे ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एक जण तपासायला आला होता. रांजणात डबी बघून पोट धरधरून हसला, फोटो काढला आणि राहू द्या म्हणाला.

त्या संध्याकाळी प्रणिताने कार्यालयात बसून सहा वर्षांचे रोजचे आकडे काढले. फोनवरचा आकडा ती उन्हाळ्यात, वडील कुरकुरले की तेवढाच बघायची; अहवालासाठी तिच्याकडे आजवर वर्षाची सरासरी यायची, आणि ती चोवीस होती, आधीपेक्षा तीन अंशांनी कमी. पावसाचं पाणी चांगलं मुरतंय म्हणून असेल, असं तिने स्वतःच लिहून दिलं होतं, आणि कंपनीने त्यावर ‘तुषारनगरीमुळे शेजारही गार’ अशी जाहिरात केली होती. रोजचे आकडे मांडल्यावर पडद्यावर लाट उठली. पौषात सतरा, आषाढात सत्तावीस, पुन्हा पौषात सतरा. बारा मीटर खोल जमिनीला हिवाळा कळत नसतो, तिथे वर्षभर पारा हलत नाही. ही लाट बघितलेल्या कुठल्याही माणसाला एका मिनिटात समजलं असतं, की डबी विहिरीत नाही. आणि ज्याने सरासरी काढली त्याने लाट बघितलीच असणार, त्याशिवाय ती पुसता येत नाही.

सहा हजार वर्षांचं काय झालं, हेही तिला तिथेच उमगलं. उष्णता खडकातून झिरपायला सहा हजार वर्षं लागतात, पण वाहत्या पाण्याच्या पाठीवर बसून आली तर सहासुद्धा पुरतात. विणकरांचे पूर्वज इथे वसले ते सूत धुवायला जमिनीखालचं वाहतं पाणी मिळालं म्हणून, आणि ते पाणी येतं तुषारनगरीच्याच अंगाने. विहिरीचं नाव झिऱ्याची. जन्मापासून तोंडात असलेला झिरा, म्हणजे हाच भुईखालचा झरा, तिने गणितात धरलाच नव्हता, कारण तो कुठल्या कागदावर नव्हता. तिने बोटं चावली तरी आता उपयोग नव्हता.

डॉ. नगरकरांच्या खोलीत नेहमीप्रमाणे चोवीस अंश होते आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर होता. त्यांनी तिला बसवलं, थंड पाणी दिलं, आणि कशाचाही इन्कार केला नाही. फोटो आला तेव्हा आम्ही खूप हसलो होतो, म्हणाले. पण सरासरी खोटी नव्हती, यंत्र जिथे होतं तिथलं खरंच सांगत होतं. डबी परत विहिरीत टाकली असती तर पंप बंद पडले असते. चाळीस हजार माणसं एकीकडे, आणि दुसरीकडे जिचं पाणी कुणी पीत नाही अशी एक विहीर. नळ आहे ना घरोघरी?

“एक माणूस गेला, सर.”

“एकाहत्तर वर्षांचा होता, प्रणिता.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने तिला मुलीसारखं शिकवलं होतं, तिच्या आईच्या आजारपणात स्वतः गाडी चालवत इस्पितळात नेलं होतं, आणि आता तो वय सांगत होता, जसं काही एकाहत्तरनंतर भुईने माणसाला शिजवणं नियमात बसतं. ती काही बोलायच्या आत त्यांनी पुढचा कागद सरकवला. दुसऱ्या टप्प्यात साळीपुऱ्याला जोडणी, अडीचशे घरं, फुकट. पहिली जोडणी धनराज हेडाऊंची. वडील चोवीस अंशांत झोपतील, माग वरच्या मजल्यावर टाकता येईल. सही तेवढी कर.

“आणि त्या अडीचशे घरांची उष्णता कुठे जाणार?”

“झिरा पुढे खदानपुऱ्याकडे जातो,” नगरकर शांतपणे म्हणाले. “तिथे विहीर नाही. मोजणारं यंत्रही नाही.”

तिने कागद घेतला, कारण तो वस्तीला न दाखवता फाडायचा हक्क तिला नव्हता.

साळीपुऱ्यात तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी आणि जोडणीचं नंतर. खोटं कशाला सांगायचं, जोडणी हवीशी वाटणारे पुष्कळ होते. सोरत्यांच्या सुनेने तर कधी मिळेल म्हणून विचारलंच. बारा वर्षं भिंतीपलीकडचा गारवा बघत घामाने निथळणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. कौसल्याकाकू एका कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या. त्या दिवसापासून रांजण त्यांच्याऐवजी त्यांची सून भरत होती.

धनराजांनी फक्त एवढंच विचारलं, की खदानपुऱ्यात भुई तापेल का. तापेल, असं ती म्हणाली. पाच-सात वर्षांत.

“रामाजीची पोरगी तिथंच देली हाये,” धनराज म्हणाले. “बाप आपन मारला, आता पोरगी बी मारू? ठंड्या खोलीत मले झोप लागंल का?”

सोरत्यांच्या सुनेने पदर तोंडाला लावला. कागद कुणी मागितला नाही. धनराजांनी तो चूल पेटवायला ठेवून दिला आणि लेकीकडे वळले. “त्या डबीची जागा कोन्ती?”

“विहीर.”

“मंग ठेव तिले तिच्या जागी.”

जनसुनावणी आणि रामाजींची तेरवी एकाच दिवशी आली. सभागृहात जाऊन भांडण्यात अर्थ नव्हता. तिथे बारा वर्षांच्या सरासऱ्या छापून तयार होत्या आणि त्यातल्या निम्म्यांखाली तिचंच नाव होतं. प्रणिताने तुषारनगरीच्या दवाखान्याला फोन करून त्यांची यंत्रणा वेगळी चालते ना याची खात्री केली. मग अकरा वाजता सगळ्या रहिवाशांना संदेश पाठवला: बारा वाजता गारवा बंद होईल, केव्हा सुरू होईल सांगता येत नाही, म्हातारी माणसं आणि लहान मुलं तळमजल्यावर आणा, खिडक्यांना ओल्या चादरी लावा. तिथेच नवव्या मजल्यावर कंपनीने दिलेल्या स्वतःच्या घराच्या खिडक्यांनाही ती लावून आली होती.

रामाजींच्या मागावर एक करवती काठाचं लुगडं अर्ध्यावर राहिलं होतं. ते पुरं करायला हात उरले नव्हते. धनराजांनी उरलेला ताणा कापला, चौघांनी मिळून त्याला पीळ दिला, आणि बारा मीटरची पांढरी, करंगळीएवढी दोरी तयार झाली. डबी रांजणातून काढून कौसल्याकाकूंनी पदराने पुसली. प्रणिताने त्यांच्याच हातात दोरी दिली आणि काकूंनी डबी विहिरीत सोडली.

सव्वीस. एकोणतीस. बत्तीस. आकडा चढताना बघायला सगळी तेरवी कठड्याभोवती जमली. पस्तीस. छत्तीस पूर्णांक चार, आणि तिथे थांबला.

फोन वाजला. नगरकर होते. सभागृहातून बोलत होते, मागे माणसांचा गलबला होता. पडद्यावर लाल दिवा लागलाय, ते म्हणाले, दहा मिनिटं आहेत, ती डबी बाहेर काढ. तिने ऐकून घेतलं. मग त्यांनी सुनावणीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांची नावं घेतली, अमक्याला हृदयविकार आहे, तमकीला दमा. या वेळी त्यांनी वय सांगितलं नाही.

“डबी तिच्या जागी आहे, सर,” प्रणिता म्हणाली. “तुम्हीच म्हणालात ना, यंत्र जिथे असतं तिथलं खरं सांगतं. भूजल अधिकारी तुमच्या शेजारीच बसलेत. त्यांना इकडे घेऊन या. चारशे मीटर आहे, चालत या.”

तिने फोन कठड्यावर ठेवला. नोकरी गेली होती, घरही जाणार होतं, आणि या दोन्हींपेक्षा तिला जास्त लागलं ते हे, की तीन उन्हाळे ती आपल्या बापाला त्याचा हात खोटा आहे म्हणून सांगत होती. दहा मिनिटं गेली. मग तुषारनगरीच्या कुंपणामागची घरघर बसली. बारा वर्षं ती दिवसरात्र कानात होती आणि आता नव्हती. निंबावर एक कावळा ओरडत होता, तेवढं ऐकू आलं. तेरवीला कावळा येणं चांगलं, असं कुणीतरी म्हणालं.

धनराजांनी बादली शेंदली, हात बुडवला आणि लेकीकडे बघितलं. तिला प्रश्न कळला. आजपासून वरून एक थेंबही उष्णता आली नाही, तरी बारा वर्षांत खडक जे प्यायला आहे ते झिऱ्याने वाहून न्यायला वेळ लागेल, असं तिने सांगितलं. या वेळी तिने झिरा गणितात धरला होता.

“किती?”

“नऊ वर्षं. दहासुद्धा लागतील.”

धनराज मनाशी काहीतरी मोजत राहिले. त्यांना तेव्हा चौऱ्याहत्तर चालू होतं. मग त्यांनी बादली निंबाच्या बुंध्यात ओतली आणि लुंगीला हात पुसले.

“मंग तोवर मी मरत नाही,” ते म्हणाले. “कोमट पान्याची घागर माह्या नावानं कोनी भरू नये.”

घरी देवाजवळ आखाजीची घागर अजून पालथीच होती. त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली आणि ती तशीच पालथी ठेवली.